कापडात राहिलेलं मीठ

माझं काम चांगलं झालं तर ते कुणालाच दिसत नाही. पुढून चित्रकार त्यावर रंग चढवतो, मागून भिंत असते. वाईट झालं तर मात्र सगळ्यांना दिसतं, पण तेही चार-पाच वर्षांनी, आणि तेव्हा लोक चित्रकाराला नावं ठेवतात. चूक आपली आणि बोलणी दुसऱ्याला, इतका सोयीचा धंदा शोधून सापडायचा नाही. मी तो छत्तीस वर्षांहून जास्त करतोय.

तैलरंगाच्या चित्रांसाठी मी कॅनव्हास तयार करून देतो. रत्नागिरीत मांडवीला घराच्या मागच्या पडवीत माझा कारखाना आहे. पाटीवर कारखाना असं लिहिलंय म्हणून मीही लिहितो. आत एक लांब टेबल, एक स्टोव्ह, बायकोने स्वयंपाकघरातून हद्दपार केलेली दोन पातेली आणि मी. वडील होड्यांची शिडं शिवायचे. होड्यांना इंजिनं बसली, शिडं गेली, आणि घरात उरली ती कापड ताणायची अक्कल. ती मी चित्रकारांना विकली.

ज्यांनी कॅनव्हास फक्त चित्राखाली पाहिलाय, म्हणजे खरं तर पाहिलाच नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उत्तम कॅनव्हास लिननचा. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाच्या धाग्याचं कापड. तैलरंगात तेल असतं तेही जवसाच्याच बियांचं. एकाच झाडाची ही दोन लेकरं, पण त्यांची गाठ पडू द्यायची नाही. तेल धाग्यात मुरलं की काही वर्षांत कापड कुजतं, बोट लावलं तर भुगा. म्हणून दोघांच्या मध्ये सरसाचा पातळ पडदा घालायचा. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून काढलेला डिंक. संध्याकाळी भिजत घातला की सकाळी साबुदाण्यासारखा फुगतो. मग मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात लहान पातेलं ठेवून तो विरघळवायचा. उकळी येता कामा नये. उकळला की त्याचा चिकटपणा मरतो आणि हातात उरतं ते नुसतं घाणेरडं पाणी. मी सुरुवातीला दोन वर्षं ते घाणेरडं पाणीच लावत होतो. कुणी तक्रार केली नाही, कारण तेव्हा माझ्याकडून कॅनव्हास घेणारे जे दोघं होते त्यांनी कॅनव्हास घेऊन चित्र काढलंच नव्हतं.

त्याआधी कापड गोड्या पाण्यात धुवायचं. गिरणीतली खळ निघते आणि कापड काय आटायचं ते आटून घेतं. मग लाकडी चौकटीवर पकडीने ताणून खिळे मारायचे, सरस द्यायचा, तो वाळला की पांढऱ्या तेलरंगाचे दोन हात, प्रत्येक हात वाळायला काही आठवडे. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात. कापड ढिलं पडलं तर त्या हलके ठोकून ताण परत आणायचा. एवढंच शास्त्र. बाकी सगळी हवेशी झटापट. सरस हवेतलं पाणी पितो, आणि आमच्याकडे हवेत पाणीच जास्त.

माझ्या चुकांची यादी मोठी आहे. एकदा घोळ माशाच्या भोताचा, म्हणजे त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा, सरस करून पाहिला. जुन्या काळी असा करत, असं कुणीतरी सांगितलं होतं. सरस उत्तम झाला. सहा कॅनव्हास पडवीत वाळत ठेवले आणि जेवायला बसलो. परत आलो तर मांडवीतली ओळखीची आणि अनोळखी अशी अकरा मांजरं सहा कॅनव्हासांवर रांगेने बसून चाटत होती. सगळी कामात गढलेली. मला पाहून एकानेही मान वर केली नाही. बायको म्हणाली, "तुमच्या कामाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं."

हातखंब्याच्या एका हॉटेलवाल्याने पाच फुटी कॅनव्हास नेला. चित्रकार यायला उशीर होता म्हणून त्याने तो कोराच दर्शनी भिंतीवर टांगला. वर्षभराने गेलो तर तो तिथेच. मालक म्हणाला, "मेस्त्री, राहू दे हा. गोव्याला जाणारी माणसं थांबून फोटो काढतात." त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कॅनव्हासवर सही करावीशी वाटली.

हे किस्से मी लग्नकार्यात सांगतो. पुढचा सांगत नसे.

हेमाबाई इथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवत. मूळच्या केळशीच्या. त्यांच्या आईने, गंगाबाईंनी, चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहून लेकीला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर बाई केळशीला आईकडे राहायला जाणार होत्या, आणि जाण्याआधी एके दिवशी, चैत्र संपता संपता, माझ्याकडे आल्या.

"मेस्त्री, चार फूट बाय तीन फूट. तुमच्याकडचं सर्वांत चांगलं लिनन. आईला समोर बसवून काढणार आहे. फोटोवरून नाही. आजवर शाळेच्या भिंतींवर पोपट आणि पुढारी काढले, आता एकच चित्र नीट काढायचंय."

गंगाबाईंचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. म्हणजे वेळ फार नव्हता, हे दोघांनाही न बोलता कळलं.

मला काय वाटलं कुणास ठाऊक. खरं म्हणजे ठाऊक आहे. मला आपणही त्या चित्रात काहीतरी घालावंसं वाटलं. आमच्या घरात एक रीत होती. नवं शीड शिवून झालं की वडील त्याला पहिलं पाणी दर्याचं देत. संपूर्ण शीड खाऱ्या पाण्यात बुडवून काढायचं, मग वाळूवर पसरायचं. ज्या कापडाने दर्या चाखला नाही ते दर्यावर जाऊ नये, असं ते म्हणत. गंगाबाई म्हणजे दर्याचं माणूस. त्यांच्या कापडाला पहिलं पाणी दर्याचंच हवं, असं माझ्या डोक्यात शिरलं. इतक्या वर्षांत कुठल्याच कॅनव्हासला मी हे केलं नव्हतं. ह्यालाच केलं, कारण हे काम सर्वांत चांगलं व्हायला हवं होतं.

लिननचा तुकडा खांद्यावर टाकून मी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून तो बुडवला. शेजारचा रमाकांत होडी रंगवत होता. तो ओरडला, "काय रे वसंता, घरातली विहीर बायकोनं बंद केलान काय?" मी त्याला वडिलांची रीत समजावून सांगितली. तो म्हणाला, "तुझा बापूस शिडं करायचा. हे तर घरात टांगायचंय ना?"

त्या एका वाक्यात सगळं होतं. मी हसून सोडून दिलं.

घरी आणून विहिरीच्या पाण्यात तीनदा खळबळून काढलं. वैशाख लागला होता आणि वैशाखात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. आम्ही पिण्याचं पाणी तेव्हा बाहेरून आणतो. म्हणजे चहाला चालत नाही ते पाणी मी त्या कापडाला दिलं. वाळल्यावर कापड कडक, खणखणीत. मी खूश. ही म्हणाली, "कडक कसलं, खारवलंय ते. माझी सुकटीची टोपली अशीच कडक होते आणि पावसाळ्यात तिला पाणी सुटतं." मी तिला म्हणालो, "सुकट वेगळी, लिनन वेगळं."

दसऱ्यानंतर पुरा वाळलेला कॅनव्हास स्वतः केळशीला पोचवला. गंगाबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी कॅनव्हासला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्या फडक्यावर मी मावणार?"

"मावाल की."

"माझं वजन पेलंल ना? नायतर भिंतीवरनं खाली येयाची आणि लोक म्हणतील म्हातारी गेल्यावर पण धडपडली."

हेमाबाई म्हणाल्या, "आये, हलू नकोस जरा."

"मी हलले नाय. तोंड हललं."

थंडीचे दोन महिने बाईंनी ते चित्र काढलं. नंतर पाहायला गेलो तेव्हा गंगाबाई चित्रात पाटीशेजारी बसल्या होत्या, एक हात मांडीवर, दुसरा पाटीच्या काठावर, आणि आता गिऱ्हाइकाला काहीतरी खोचक बोलणार असा चेहरा. मी पुष्कळ चित्रं पाहिली आहेत, बहुतेकांची पाठच. हे पुढून पाहिलं आणि पाठ बघायची राहूनच गेली. गंगाबाईच म्हणाल्या, "ही चांगली आली. माझ्यापेक्षा बरी हाय."

पुढच्या पावसाळ्यात बाईंचा फोन आला. कॅनव्हास ढिला पडलाय. मी म्हणालो, "दमट हवेने होतं. पाचरी ठोका." ठोकल्या. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. पुन्हा म्हणालो, ठोका. कापडातलं मीठ दर पावसाळ्यात पाणी ओढून त्याला लोळवत होतं, आणि माझ्या सल्ल्याने ताणलेलं ते कापड हिवाळ्यात सुकून वरचा रंग फोडत होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फोनवर तज्ज्ञ होतो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर गंगाबाई गेल्या. मी दहाव्याला गेलो होतो. चित्र भिंतीवर होतं आणि पाटीच्या काठाशी बारीक भेगा दिसत होत्या. मी त्या पाहिल्या, आणि त्या घरात तो विषय काढायचा दिवस नव्हता असं स्वतःला सांगून परत आलो. पुढे दोन वर्षं कुणाचा फोन आला नाही, मीही केला नाही.

एका भाद्रपदात हेमाबाई चित्र टेंपोत आडवं ठेवून, वर स्वच्छ चादर घालून माझ्या पडवीत घेऊन आल्या. चादर काढली. रंगाचे पोपडे उभे राहिले होते. गालावर फोड आला होता. पाटीच्या काठावरचा हात मनगटापासून गळून गेला होता, खाली नुसतं पिवळट कापड. पडलेले तुकडे केव्हाच केरात गेले होते.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "घाई केली. खालचा थर वाळायच्या आत वरचा चढवला असणार, तेल जास्त झालं असणार. आईला किती दिवस बसवायचं म्हणून घाई केली. हे फुटायला लागलं तेव्हापासून मी ब्रश हातात घेतलेला नाही, मेस्त्री. जिच्यासाठी शिकले तिचंच चित्र टिकवता आलं नाही. मुंबईला चित्रं दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना फोटो पाठवलेत. तोवर हे तुमच्याकडे राहू दे. केळशीला अजून पाऊस आहे."

मी चौकट हलकेच उचलून मागची बाजू पाहिली. कापड हाताला ओलसर, आणि कडेला पांढरी पूड. मी वाकून कापडाला जीभ लावली.

"हे काय करताय?"

"जुनी परीक्षा असते," मी म्हणालो. "कापड कुजलंय का ते कळतं."

कापड खारट होतं. एखाद्या खारवलेल्या बांगड्याइतकं खारट. छत्तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या जिभेने दिलेला हा पहिला खरा निकाल, आणि त्याच जिभेने पुढच्या क्षणी खोटं सांगितलं.

बाई गेल्या. गंगाबाई आठ दिवस माझ्या टेबलावर राहिल्या. उभं ठेवलं तर आणखी रंग गळला असता म्हणून आडवं ठेवलं होतं. मी कामाला गेलो की त्या खालून माझ्याकडे बघत. वर चादर घातली तरी बघत.

दुसऱ्या दिवशी ही चहा घेऊन आली आणि चौकटीच्या कडेला सांडलेली पूड तिने बोटावर घेतली. मग म्हणाली, "दर्याचंच ना हे?"

"हं."

"बाईंना सांगितलंत?"

"सांगतो."

"कधी?"

"बघू. आधी दुरुस्त होतंय का ते तर कळू दे."

"दुरुस्त झालं तर म्हणाल आता कशाला सांगू. नाही झालं तर म्हणाल आता सांगून काय उपयोग." ती कपबशी न उचलताच आत गेली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झालीत. तिने मला आधीच वाचून ठेवलंय.

मला भीती कशाची होती? जिल्ह्यातले चित्रकलेचे बहुतेक शिक्षक माझ्याकडून कॅनव्हास नेत. मांजरांची गोष्ट सांगून हशा मिळवता येतो. ह्या गोष्टीवर कोण हसणार? आणि तिकडे बाई आपल्याच हाताला दोष देत बसल्या होत्या, हे मला माहीत होतं. रोज सकाळी मी ठरवायचो आणि रोज दुपारी केळशीला फोन लागत नाही अशी स्वतःची समजूत घालायचो. लागत नाही कसा? लावलाच नव्हता.

आठव्या दिवशी बाई एक छापील कागद घेऊन आल्या. मुंबईच्या बाईंनी पाठवलेला. "चित्र कधी काढलं, कुठं टांगलं होतं, ते मी भरलंय. कापडावर काय काय केलं ते तुम्ही भरा. त्या म्हणाल्या, फोटोवरून वाटतंय की पाठीमागून वाफ देऊन सरस मऊ करता येईल, मग सुटलेला रंग पुन्हा खाली बसेल. पण कापडात काय आहे ते बरोबर लिहा म्हणाल्या. एखादी गोष्ट राहिली तर वाफेने उलटंच व्हायचं."

मी चष्मा पुसला. कापड: लिनन. सरस: कातड्याचा, दोन हात. वर: पांढरा तेलरंग, दोन हात. खाली एक ओळ कोरी होती. 'इतर काही.'

वाफ लागली की मीठ विरघळणार आणि रंगाच्या खाली चढणार, हे मला समजत होतं. उरलेला चेहराही गेला असता. ती ओळ कोरी ठेवली असती तर गंगाबाईंना मी दुसऱ्यांदा बुडवलं असतं, आणि ह्या वेळी माहीत असून.

मी लिहिलं: 'कापड धुताना समुद्राचं पाणी वापरलं. नंतर मचूळ पाण्यात धुतलं. मीठ राहिलं आहे. चाखून पाहिलं.' आणि कागद त्यांच्याकडे दिला.

बाईंनी वाचला. पुन्हा वाचला.

"म्हणजे माझं तेल जास्त झालं नव्हतं?"

"नाही."

"खालचा थर ओला नव्हता?"

"नाही बाई. तुमचं काही चुकलेलं नाही."

"समुद्राचं पाणी का?"

मी वडिलांची रीत सांगितली. गंगाबाईंसाठी म्हणून केलं तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि एकदा, अगदी जरासं, त्यांच्या तोंडावर काहीतरी मऊ आलं. मग ते गेलं.

"तुम्ही त्या दिवशी कापड चाटलंत तेव्हा तुम्हाला कळलं."

"हो."

"मग आठ दिवस का घेतलेत?"

समुद्राच्या पाण्याला माझ्याकडे उत्तर होतं. वेडगळ का होईना, पण होतं. आठ दिवसांना नव्हतं. बाईंनी कागदाची घडी घातली, चित्रावर चादर नीट ओढली आणि म्हणाल्या, "टेंपोवाल्याला बोलावता का?"

मुंबईच्या बाईंनी वाफेचा बेत सोडला. चित्र महिनोन्महिने कोरड्या खोलीत ठेवून, पोपडा पोपडा पुढून चिकटवत, लहानशा इस्त्रीने दाबत त्यांनी ते बसवलं. चेहरा वाचला. गालावरच्या फोडाची खूण आता शोधावी लागते. हात परत येणार नव्हता. तिथे नवा रंगवू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा हेमाबाई नाही म्हणाल्या. तुम्ही स्वतः तरी रंगवा, असंही सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, "समोर आई बसली असती तर रंगवला असता."

मी आता प्रत्येक कापड नळाच्या पाण्यात पाच वेळा धुतो आणि शेवटचं पाणी चाखतो. हेमाबाई पुन्हा चित्रं काढतात, असं ऐकतो. कॅनव्हास पुण्याहून मागवतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पुण्याहूनच मागवला असता.

चित्र केळशीला परत लागलं त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मी जाणार नाही असं हिला सांगितलं आणि तिने नुसतं पाहिल्यावर गेलो. ओटीवर चार-पाच शेजारणी होत्या. त्यातली एक म्हातारी, गंगाबाईंच्याबरोबर बाजारात बसणारी, चित्राजवळ गेली आणि म्हणाली, "गंगीचा हात कुठं गेला गो?"

हेमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं आणि थांबल्या.

"माझ्यामुळे गेला," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. दर्याचं पाणी, मचूळ विहीर, पाचरी, आठ दिवस. म्हातारी तोंडाला पदर लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अरे, आमाला इचारायचंस. मीठ लागलेली वस्तू पावसात रडते." कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "मेस्त्री, चहा गार होतोय."

तेव्हापासून हे असं चाललंय. केळशीच्या त्या घरात कुणी नवीन माणूस आलं आणि हाताबद्दल विचारलं की हेमाबाई स्वतः सांगत नाहीत. फोन लावतात आणि त्या माणसाच्या हातात देतात. ही शिक्षा आहे की माफी, हे मी त्यांना विचारलेलं नाही. परवा दुपारी मी सरस लावत होतो, अर्धा कॅनव्हास ओला होता, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून बाईंचा आवाज, "मेस्त्री, पाहुण्या विचारतायत," आणि मग कुणी अनोळखी बाई दबकत म्हणाल्या, "अहो, आजींचा हात असा का आहे?"

सरस मध्येच सोडला की वाया जातो. मी ब्रश खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि वडिलांच्या शिडांपासून सांगायला सुरुवात केली.